मनगटावरील पट्टा, नवा फोन आणि स्वतःच्या नावाचे खाते

विज्ञानाने मानवी जीवन सुखकर केले, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु एखादे साधन घरात आले म्हणजे ते आपल्या ताब्यात आले असे होत नाही. ते कसे चालते, त्यातील नोंद कोठे जमा होते आणि ती कोणाच्या नावावर असते, हे समजेपर्यंत आपण त्या साधनाचे नुसते वापरणारे असतो, मालक नसतो.

पावले मोजणारा मनगटावरील पट्टा हे असेच एक साधन. त्यास सर्वजण फिटनेस बँड किंवा नुसते 'बँड' म्हणतात. मुलाच्या पहिल्या पगारातून आईसाठी, निवृत्तीच्या निरोप समारंभात सहकाऱ्यांकडून, अशा मार्गांनी तो आपल्या समाजातील अनेक घरांत पोहोचला आहे. सकाळी पर्वतीवर, तळजाईवर किंवा सारसबागेत गेले असता कितीतरी ज्येष्ठ मंडळी मनगट वळवून आकडा पाहताना दिसतात. अडचण येते ती फोन बदलल्यावर. नवा फोन बँडला ओळखत नाही, ओळखला तर जुने आकडे दिसत नाहीत, आणि दोन-तीन दिवस खटपट करून शेवटी बँड कपाटात जातो. सदर अडचण का येते व ती कशी दूर करावी, हे प्रस्तुत लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

चालणे आणि मोजणे

चालण्याचे महत्त्व आपल्याला नवे नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे सजगतेने येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास सोसण्याची शक्ती, परिश्रम सोसण्याची शक्ती, निरोगीपणा, अन्नाचे नीट पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी, असे ते पाच लाभ होत.

मोजमापाविषयीची एक कथा संयुत्त निकायात आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी फार जेवत असे. जेवून जड झालेल्या अवस्थेत धापा टाकीत तो तथागतांकडे आला असता, जो मापाने जेवतो त्याच्या वेदना कमी होतात व त्याचे आयुष्य टिकते, अशा अर्थाचा उपदेश तथागतांनी केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास तो उपदेश पाठ करावयास सांगितला आणि जेवणाच्या वेळी म्हणून दाखविण्यासाठी रोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार मापात आला व शरीर हलके झाले. मनगटावरील बँड हा आजच्या काळातील सुदस्सन समजावा. तो आपल्या वतीने चालत नाही. तो आठवण देतो आणि माप ठेवतो.

या मापाची आपल्याला गरज आहे. परमपूज्य बाबासाहेब स्वतः मधुमेहाने त्रस्त होते आणि ढासळत्या प्रकृतीशी झगडतच त्यांनी आपले अखेरचे लेखन केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांतील माता व बालकांचा जो अभ्यास चालविला, त्यातून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, ही गोष्ट पुढे आली. तेव्हा 'आम्ही सडपातळ आहोत' म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, हा आकडा मुळात वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमधील एका कंपनीने 'मान्पो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचा मापक', या नावाचे यंत्र विक्रीस काढले व ते नाव जगभर रूढ झाले. २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि ७,५०० पावलांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. दुसरा गैरसमज साखरेविषयीचा. सुई न टोचता रक्तातील साखर दाखविणारे घड्याळ म्हणून जे काही विकले जाते, त्यावर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. साखर प्रयोगशाळेत किंवा ग्लुकोमीटरवरच तपासावी.

मग बँडचा खरा उपयोग कोणता? आपल्या या महिन्याची तुलना आपल्याच मागील महिन्याशी, मागील वर्षाशी करणे. गुडघा दुखू लागल्यापासून चालणे किती घटले, औषध बदलल्यावर किती वाढले, हे डॉक्टरांना आकड्यांत सांगता येते. ही तुलना करावयाची तर मागील वर्ष जपलेले असले पाहिजे, आणि फोन बदलताना नेमके तेच हातचे जाते.

तीन वेगळ्या वस्तू

बँड, फोन आणि खाते या तीन वेगळ्या वस्तू आहेत, हे एकदा ध्यानात आले की निम्मी अडचण सुटते.

बँडच्या पोटात हालचाल ओळखणारा एक सूक्ष्म भाग असतो. हाताच्या हेलकाव्यांवरून तो पावले मोजतो. बँडची स्मरणशक्ती अल्प असते. उदाहरणार्थ, फिटबिट कंपनीच्या बहुतेक बँडमध्ये मिनिटामिनिटाची नोंद सुमारे ७ दिवस आणि दिवसाची बेरीज सुमारे ३० दिवस राहते. त्यानंतर जुन्यावर नवे लिहिले जाते.

फोनमधील ॲप हे आकडे बँडकडून ब्ल्यूटूथने घेते. यालाच 'सिंक होणे' म्हणतात. आपण त्यास 'नोंदी जुळविणे' म्हणू. ब्ल्यूटूथ हे नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातील हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून घेतलेले आहे. २०१० साली आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत अत्यंत कमी वीज खाणारा प्रकार आला, म्हणून बँडची चिमुकली बॅटरी कित्येक दिवस पुरते. फोन हे आकडे पुढे इंटरनेटद्वारे कंपनीच्या संगणकावर पाठवितो आणि तेथे ते आपल्या खात्यात जमा होतात.

आम्ही बँकेत नोकरी करीत असल्याने तेथलेच उदाहरण देतो. बँड म्हणजे काउंटरवरील त्या दिवसाची कच्ची नोंद, फोन म्हणजे पासबुक आणि खाते म्हणजे बँकेची खातेवही. पासबुक हरवले म्हणून पैसे जात नाहीत. दुसरे पासबुक मिळते व नोंदी त्यात पुन्हा उतरविल्या जातात. परंतु खातेदार दुसरे पासबुक मागण्याऐवजी दुसरे खातेच उघडून बसला, तर त्यात शिल्लक शून्यच दिसणार. नव्या फोनवर 'माझे सर्व आकडे गेले' अशी तक्रार करणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते.

याला एक अपवाद आहे. काही स्वस्त बँडची ॲप्स खाते न उघडताही चालतात. अशा वेळी सर्व नोंद केवळ त्या फोनमध्ये असते व फोनबरोबरच जाते. ज्यांनी असे 'पाहुणे' म्हणून ॲप वापरले असेल, त्यांनी आजच खाते उघडावे.

जुना फोन देण्यापूर्वी

जुना फोन बदलीत किंवा भावंडाला देण्यापूर्वी पुढील कामे याच क्रमाने करावीत.

पहिले, जुन्या फोनवर ॲप उघडून बँड जवळ ठेवावा व नोंदी जुळू द्याव्यात. बँडवरील आणि फोनवरील आजच्या पावलांचा आकडा सारखा दिसला म्हणजे काम झाले. या वेळी इंटरनेटही सुरू असावे, नाहीतर आकडे फोनपर्यंतच येऊन थांबतील.

दुसरे, ॲपमधील 'प्रोफाइल' या भागात जाऊन खाते कोणत्या ई-मेल पत्त्यावर किंवा मोबाईल क्रमांकावर आहे ते पाहावे व वहीत लिहून ठेवावे. तो क्रमांक चालू आहे ना, तो ई-मेल आपल्याला उघडता येतो ना, याची त्याच वेळी खात्री करावी.

तिसरे, ॲपमध्ये नोंदींची प्रत काढून घेण्याची, म्हणजे 'एक्स्पोर्ट'ची, सोय असल्यास ती प्रत काढून स्वतःच्या ई-मेलवर ठेवावी. सोय नसल्यास महिन्यामहिन्याच्या बेरजा वहीत उतरवाव्यात. दोन वर्षांच्या चोवीस ओळी होतात, अर्ध्या तासाचे काम आहे.

चौथे, हे सर्व झाल्यावरच जुन्या ॲपमधून बँड वेगळा करावा. त्या ठिकाणी 'अनपेअर' किंवा 'रिमूव्ह' असा शब्द असतो. काही कंपन्यांचे बँड एका खात्याशी बांधलेले असतात व पहिल्या खात्यातून सोडविल्याशिवाय दुसऱ्या खात्याशी जुळत नाहीत. येथे बँड वेगळा करणे आणि खाते बंद करणे या दोहोंत गफलत होऊ देऊ नये. 'डिलीट अकाउंट' हे शब्द दिसले तर हात आवरावा. ते खातेवही फाडण्यासारखे आहे.

नव्या फोनवर

नव्या फोनवर ॲप घेताना ते फोनमधील अधिकृत दुकानातूनच, म्हणजे प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्यावे व बनविणाऱ्या कंपनीचे नाव वाचावे. ॲपची नावे कधीकधी बदलतात. पूर्वी 'मी फिट' नावाने असलेले ॲप आता 'झेप लाइफ' नावाने आहे. गूगलने २०२१ साली फिटबिट कंपनी ताब्यात घेतली आणि २०२३ पासून तिच्या नव्या ग्राहकांना गूगलचे खाते आवश्यक केले. जुने नाव सापडले नाही म्हणून मिळत्याजुळत्या नावाचे भलतेच ॲप घेऊ नये.

ॲप उघडल्यावर ठळक अक्षरांत 'नवे खाते उघडा' असे दिसते व त्याखाली बारीक अक्षरांत 'लॉग इन'. आपल्याला बारीक अक्षरांचा मार्ग हवा आहे. वहीत लिहिलेल्या जुन्याच खात्याने आत जावे. आत गेल्यावर मागील महिन्याचे आकडे दिसू लागले की अर्धी लढाई जिंकली. बँड अद्याप जोडलेला नसतानाही ते दिसतात, कारण ते खात्यातून आलेले असतात.

त्यानंतर बँड जोडावा, तोही ॲपमधूनच. पुष्कळजण फोनच्या ब्ल्यूटूथ यादीत जाऊन बँडचे नाव दाबतात व 'जोडले' असे दिसूनही पावले का येत नाहीत म्हणून बुचकळ्यात पडतात. अशा जोडणीत फोन आणि बँड यांची ओळख होते, परंतु ॲपला त्याचा पत्ता नसतो.

जोडताना फोन काही परवानग्या मागतो. अँड्रॉइडच्या २०२१ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून 'जवळची डिव्हाइस' या नावाची परवानगी आहे, ती द्यावी लागते. त्याआधीच्या काही आवृत्त्यांत ब्ल्यूटूथने बँड शोधण्यासाठी 'लोकेशन'ची परवानगी लागते. फोन आल्याचे बँडवर कळावे म्हणून संपर्कयादीची परवानगी मागितली जाते. ती नाकारली तरी पावले मोजण्यात काही उणे होत नाही.

तरीही जुळले नाही तर

पहिली शंका जुन्या फोनची घ्यावी. बहुतेक बँड एका वेळी एकाच फोनशी बोलतात आणि बोलत असताना दुसऱ्याला दिसत नाहीत. जुना फोन शेजारच्या खोलीत चालू असेल, तर नव्याला बँड सापडणार नाही. जुन्याचे ब्ल्यूटूथ बंद करावे. ब्ल्यूटूथच्या यादीत बँडचे नाव अगोदरच असेल तर 'फरगेट' दाबून ते काढावे आणि ॲपमधून पुन्हा प्रयत्न करावा.

दुसरी शंका बॅटरी वाचविण्याच्या सोयीची. अनेक फोन वीज वाचावी म्हणून मागे चालू असलेली ॲप्स आपणहून बंद करतात. सकाळी जुळलेले दुपारी तुटते ते यामुळे. फोनच्या 'सेटिंग'मध्ये त्या ॲपपुरते हे बंधन काढावे व 'ऑटोस्टार्ट' असा पर्याय असल्यास तो सुरू करावा.

तिसरी गोष्ट, फोनचा प्रकारच बदलला असेल तर काही मर्यादा स्वीकाराव्या लागतात. ॲपल कंपनीचे घड्याळ केवळ आयफोनशीच जुळते. अँड्रॉइडमध्ये निरनिराळ्या ॲप्सनी आरोग्याच्या नोंदी एकमेकांस देण्यासाठी 'हेल्थ कनेक्ट' नावाची सोय आहे व २०२३ साली आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ती फोनमध्येच अंतर्भूत आहे.

इतके करूनही न जमल्यास बँड मूळ स्थितीत आणण्याचा, म्हणजे 'रीसेट'चा, शेवटचा उपाय करावा. त्याने बँडमधील न जुळलेले दिवस जातात, खात्यातील नोंदी जात नाहीत.

एक गोष्ट बजावून सांगतो. मदतीसाठी कंपनीचा क्रमांक इंटरनेटवर शोधून, जो पहिला सापडेल त्यावर फोन करू नये. असे खोटे क्रमांक पेरून ठेवणारे भामटे असतात. ते फोनचा पडदा त्यांना दिसेल असे ॲप घ्यावयास लावतात आणि त्याच फोनमध्ये आपली बँकही असते. क्रमांक बँडच्या खोक्यावरून किंवा ॲपमधूनच घ्यावा. ओटीपी आला तर तो स्वतःच्या बोटांनी स्वतःच्या ॲपमध्येच टाकावा, कोणास वाचून दाखवू नये.

खाते कोणाच्या नावे?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आमच्या परिचयातील सत्तरीच्या एका उपासिकेला नातवाने बँड आणून दिला. 'आजी, तू बस, मी करतो,' असे म्हणून त्याने आपल्या महाविद्यालयाच्या ई-मेल पत्त्यावर खाते उघडले. बाई दोन वर्षे नित्यनेमाने चालल्या. मग फोन बिघडला व नवा आणला. नव्या फोनने पासवर्ड विचारला. नातू शिक्षण संपवून परगावी नोकरीस लागलेला, पासवर्ड त्याच्या स्मरणात नाही, आणि शिक्षण संपताच महाविद्यालयाने तो ई-मेल पत्ता बंद केलेला. पासवर्ड बदलण्याचा संदेश त्या बंद पत्त्यावरच जात राहिला. नोंदी कोठेतरी शाबूत होत्या, परंतु त्यांची किल्ली कोणाकडेच उरली नव्हती. बाई एवढेच म्हणाल्या, 'चाललेले पाय तर माझेच होते ना?'

या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी द्यावयाचे आहे. नातवाचे प्रेम खरे होते, त्यात उणे काढण्याचे कारण नाही. परंतु 'तू बस, मी करतो' या चार शब्दांत घरातील ज्येष्ठांचा, विशेषतः स्त्रियांचा, स्वतःच्या वस्तूवरील ताबा नकळत सुटतो. बँड आजीचा, फोन आजीचा, आणि खाते नातवाचे! स्त्रीला मालमत्तेत स्वतःच्या नावाने हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू संहिता विधेयकासाठी अपार कष्ट घेतले आणि ते रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपद सोडले. मालमत्तेपुढे पावलांची नोंद ही किरकोळ बाब वाटेल. परंतु आज जी बाई पावलांच्या खात्याचा पासवर्ड स्वतः ठेवते, ती उद्या निवृत्तिवेतनाचे आणि बँकेचे खातेही स्वतः पाहू लागते. सवय एकच आहे.

म्हणून ज्याचे मनगट, त्याच्याच नावे खाते असावे. ई-मेल त्यांच्याच नावाचा, मोबाईल क्रमांक त्यांच्याच हातातील फोनचा आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत. महाविद्यालयाचा किंवा कार्यालयाचा ई-मेल अशा कामासाठी वापरू नये, कारण तो आज ना उद्या बंद होतो.

माहिती आपली, हक्क आपला

आपण केव्हा झोपतो, किती चालतो, हृदय किती वेगाने धडधडते, ही माहिती खाजगी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला व त्यास संविधानाच्या अनुच्छेद २१ चा आधार दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. इतकेच नव्हे तर बँकेप्रमाणे आपल्या पश्चात हे हक्क कोणी बजावावेत यासाठी नामनिर्देशनाचीही तरतूद आहे. हक्क कागदावर असतो. तो बजावण्यासाठी खाते आपल्या नावे असावे लागते.

विहारात एक तास

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा विहारात एक तास ज्येष्ठांच्या फोनसाठी द्यावा. नियम एकच ठेवावा, फोन ज्येष्ठांच्याच हातात राहील. विद्यार्थ्याने शेजारी बसून सांगावे, बटण ज्येष्ठांनी दाबावे. पंधरा मिनिटांचे काम पाऊण तासात होईल, ते होऊ द्यावे. आपल्या आई-वडिलांनी अक्षरे गिरवली तेव्हा त्यांच्यासाठी कोणी तरी असाच वेळ दिला होता. आणि ज्येष्ठांनीही 'आम्हांला काय कळते त्यातले' हे वाक्य त्या दिवसापुरते घरी ठेवून, येताना एक वही व पेन आणावे.

चालणे आपले, नोंद आपली आणि खातेही आपल्याच नावाचे असो, एवढीच मंगलकामना. नमो बुद्धाय! जय भीम!